दोन्ही पायांचं माप

आत्यानं पंचवीस वर्षं बूट केले, पण जोड म्हणून एकही केला नाही. आता हे ऐकून पेन खाली ठेवू नकोस, आजी चुकली म्हणून. आजी चुकली नाही. सांगते कसं ते.

आत्या म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादाची मुलं तिला आत्या म्हणायची, मग गल्लीतली मुलं म्हणायला लागली, मग त्यांच्या आया, मग दूधवालासुद्धा. तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही आत्या म्हणायची, आणि तीही ओ द्यायची. लग्नाचं जमलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं जमवूनही घेतलं नाही. दादाच्या घरात मागची खोली तिची. अठराव्या वर्षी बुटांच्या कारखान्यात लागली ती त्रेचाळीस वर्षांची होईपर्यंत तिथंच.

त्या कारखान्याची तऱ्हाच वेगळी होती. मधे एक अरुंद बोळ. बोळाच्या एका बाजूच्या दालनात फक्त डाव्या पायाचे बूट व्हायचे, समोरच्या दालनात फक्त उजव्या पायाचे. डाव्यातल्यानं उजव्यात पाऊल टाकायचं नाही, उजव्यातल्यानं डाव्यात डोकावायचं नाही. दोन्ही बूट वर माडीवर जायचे आणि तिथं एका खोक्यात पहिल्यांदा एकमेकांना भेटायचे.

असं का, तर थोरल्या मालकांच्या वेळी, म्हणजे आताच्या मालकांच्या वडलांच्या वेळी, एक कारागीर सगळं काम शिकला आणि एके दिवशी कारखान्याच्या अगदी समोर दुकान थाटून बसला. वर रोज सकाळी थोरल्या मालकांना हात करायचा. त्यांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणतेस! त्याच आठवड्यात त्यांनी भिंती घालून मधे हा बोळ काढला आणि निम्मी माणसं इकडे, निम्मी तिकडे बसवली. म्हणाले, "एका पायाचा बूट शिकून कोण कुठं जाणार?"

आणि खरंच कुणी कुठं गेलं नाही.

आत्या डाव्या दालनात तिसऱ्या स्टुलावर बसायची. खिडकीजवळ. डोक्यावर पंखा. स्टुलावर वहिनीनं जुन्या शालीची शिवून दिलेली गादी, पंचवीस वर्षांत तिला बरोबर आत्याच्या बसण्याचा खळगा पडलेला. दहाला चहा, एकला जेवण, गुरुवारी डॉक्टर यायचा तो जीभ बघून जायचा. मालक चढ्या आवाजात बोलायचे नाहीत. दुखलं खुपलं तर रजा. लोकांना हेवा वाटावा अशी नोकरी, खोटं कशाला बोलू.

आणि हातही तसाच. लाकडाचं पाऊल असतं, त्याला साचा म्हणतात. त्याच्यावर चामडं ताणून बसवायचं, पकडीनं ओढायचं, बारीक खिळ्यांनी धरून ठेवायचं आणि मग खाली तळ शिवायचा. हे ओढणं जमलं तर बूट जमला. आत्या खिडकीतून रस्त्यावरचं भांडण बघत बघत ओढायची आणि चामड्याला एक सुरकुती पडायची नाही. टाचेजवळ ती तीन टाके अगदी जवळजवळ घालायची, तिची खूणच ती. मालक बूट हातात घेऊन म्हणायचे, "बाई, डावा असावा तर तुमचा!"

ती खूश व्हायची. कोण होणार नाही?

मग एक दिवस काय झालं, ती संध्याकाळची बसची वाट बघत थांब्यावर बसली होती. शेजारी एक टपालवाला येऊन टेकला. खांद्यावर रिकामी पिशवी. टेकला तो आधी उजव्या पायातला बूट काढून बाकाखाली ढकलला आणि पाय चोळत बसला. डावा बूट तसाच पायात. आत्याची नजर गेली टाचेवर. तीन टाके जवळजवळ!

पंचवीस वर्षांत तिनं स्वतःचा बूट कुणाच्या पायात इतक्या जवळून बघितला नव्हता. तिला राहवेना. "बूट चावतो का हो?"

"एकच चावतो, ताई. हा डावा आहे ना, हा म्हणजे लोणी. पायात आहे की नाही तेच कळत नाही. आणि हा उजवा म्हणजे माझी सासू. चार वर्षं याच कारखान्याचे घेतोय, दर वेळी हेच."

आत्याला हसू आलं. "मग दुसरीकडचे घ्यावेत."

"दुसरीकडचे दोन्ही चावतात!"

मग तो बूट हातात घेऊन म्हणाला, "मला एक कळत नाही. ज्यानं हा डावा केला, त्याला सांगून उजवाही त्याच्याकडूनच का करून घेत नाहीत?"

बस आली, तो लंगडत चढला आणि गेला. आत्याची बसही आली, ती काही चढली नाही. चालत घरी आली. त्या माणसानं सहज विचारलं होतं, पण तिला ते असं लागलं की जेवताना घास हातात धरून बसली. वहिनी म्हणाली, "वन्सं, भाजीत काही पडलंय का?"

"नाही हो. वहिनी, मला उजवा बूट येत नाही."

"मग? मला विमान चालवता येत नाही. जेवा."

आठ दिवस तिनं कळ काढली आणि मग मालकांच्या खोलीत गेली. म्हणाली, "मला थोडे दिवस समोरच्या दालनात बसवा. मला उजवा शिकायचाय."

मालक वाईट माणूस नव्हता, हे लिही. त्यांनी तिला खुर्ची दिली. म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत तुम्हाला इथं काही कमी पडलं का?"

"नाही."

"कुणी काही बोललं का?"

"नाही हो."

"मग कशाला?"

"मला जोड करायचाय. अख्खा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, माझ्या हातानं."

मालकांनी चष्मा काढून पुसला. "ही रीत वडलांची आहे. एकाला सोडलं की उद्या सगळे उठतील. तुम्ही आपल्या जागी राजासारख्या बसलाय, बसा. सगळ्यांना मिळत नाही असं."

"ते खरंय," आत्या म्हणाली. "पण मग मी जाते."

आता हे ती ठरवून गेली नव्हती बरं का. ते तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हेच म्हणायचं होतं. आणि शब्द काही तिनं परत घेतला नाही.

मालक म्हणाले, "रागावून जाऊ नका. आज एक तारीख. पुढच्या एक तारखेला सकाळी साडेआठचा भोंगा वाजेपर्यंत तुमचं स्टूल रिकामं ठेवतो. त्याआधी आलात तर मी एक शब्द विचारणार नाही. भोंगा झाला की तिथं दुसरं माणूस बसेल."

म्हणजे बघ, दार उघडं ठेवलं होतं तिच्यासाठी. दार बंद असतं ना, तर माणूस मुकाट पुढं चालतं. उघडं दार फार वाईट. पाठीवर गार वारा येत राहतो.

घरी ज्वालामुखी फुटला. दादा नळदुरुस्तीची कामं करायचा, हातात पाना तसाच धरून उभा राहिला. "चिमे, तुला वेड लागलंय! म्हातारपणाची सोय होती तिथं. मी आज आहे, उद्या नाही. मग?"

"दादा, तू गेली वीस वर्षं आज आहे उद्या नाही म्हणतोयस आणि रोज दोन वेळा जेवतोयस."

"थट्टा सुचतेय! गावभर लोकांच्या गळत्या शोधत फिरतो मी, आणि गळती माझ्याच घरात!"

वहिनी भांडी जरा जोरात ठेवत होती, बस. वहिनी न बोलता बोलायची ते दादाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

टपाल कचेरीला लागून एक तीन मजली इमारत होती. तिच्या जिन्याखाली झाडू आणि बादल्या ठेवायची जागा होती. आत्यानं ती मागून घेतली. छप्पर तिरकं, एका टोकाला माणूस उभं राहील, दुसऱ्या टोकाला मांजरानंही वाकावं. पंखा नाही. वरून कुणी उतरलं की डोक्यावर धाडधाड. पण समोर रस्ता, आणि रस्त्यावर नुसते पाय! येणारे पाय, जाणारे पाय, तुडतुडीत, फेंगडे, घाईचे, पाय ओढत चाललेले. पहिल्या दिवशी ती काम सोडून पायच बघत बसली. भंगारवाल्याकडून तिनं जुने साचे आणले, डावे आणि उजवे. उजवा साचा हातात धरला तेव्हा तिला परक्याचं मूल कडेवर घेतल्यासारखं वाटलं.

आणि कामाला लागली. झपाट्यानं. बोलायला कुणी नाही, चहाची घंटा नाही. पुठ्ठ्यावर नमुना काढला, चामड्यावर ठेवला, कापला. पुन्हा ठेवला, पुन्हा कापला. दोन जोडांचे चार तुकडे. अस्तर लावलं, कडा शिवल्या. तीन दिवस मान वर केली नाही. चौथ्या दिवशी दादा बघायला आला. तोंड वाकडं करूनच आला, पण आला. आत्यानं ऐटीत एक तुकडा डाव्या साच्यावर चढवला. छान बसला. दुसरा उचलून उजव्या साच्यावर चढवायला गेली. बसेना. फिरवला, बसेना. उलटा केला तर अस्तर बाहेर.

दादानं चारही तुकडे घेतले, जमिनीवर ओळीनं मांडले, आणि बराच वेळ बघून म्हणाला, "चिमे, हे चारही डावे आहेत."

होते! नमुना एकदा सुलटा ठेवायचा आणि एकदा पालथा, तेव्हा एक डावा आणि एक उजवा कापला जातो. शिकाऊ पोरालाही हे कळतं. पण पंचवीस वर्षं ज्या हातानं नमुना एकाच अंगावर ठेवला, तो हात पालथा करायचं विसरूनच गेला होता.

"आता असं कर," दादा म्हणाला, "ज्याचे दोन्ही पाय डावे आहेत असा माणूस शोध. एक शोधून भागायचं नाही, दोन लागतील."

आत्या हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसण्याचं का रडण्याचं ते दादालाही कळेना. तो खाली बसला, पाठीवर हात ठेवून म्हणाला, "एक तारखेपर्यंत मुदत आहे ना?"

"मुदत जोड करायला घेतलीये मी, परत जायला नाही," आत्यानं नाक पुसलं.

पुढच्या वेळी तिनं नमुना पालथा केला. तुकडा बरोबर उजवा कापला गेला. पण साच्यावर ओढायला घेतला की पुढचं टोक डावीकडे वळायचं. मनात उजवा, हातात डावा! पकड आपोआप तिच्या सवयीच्या बाजूनं ओढायला सुरुवात करायची. सोडायची, पुन्हा ओढायची. चामडं तरी किती सोसणार, त्याला भेगा पडल्या. असे दोन आठवडे गेले. डावे बूट ओळीनं उभे, देखणे, चकचकीत, आणि उजवे सगळे तोंड वाकडं केलेले, शाळेतून हाकलून दिल्यासारखे.

एका सकाळी ती घरून निघाली होती. हातात एक डावा बूट होता, टाच तपासायला घरी आणलेला. वहिनी कपाटाच्या आरशासमोर केस विंचरत होती. तिनं आरशातूनच विचारलं, "वन्सं, आज डब्यात काय देऊ?"

आत्यानं आरशात बघितलं आणि तिथंच थबकली. आरशातल्या आत्याच्या हातात उजवा बूट होता.

"वन्सं? अहो, डबा!"

आत्या बूट वर करायची, खाली करायची. आरशातली बाई उजवा बूट वर करायची, खाली करायची. तिनं खिशातून पकड काढली आणि बुटाचं टोक ओढल्यासारखं केलं. आरशातल्या बाईनं डाव्या हातात पकड धरली होती. आणि उजवा बूट अगदी बिनचूक ओढत होती.

"वहिनी," आत्या म्हणाली, "ती बघा. तिला येतंय."

वहिनीनं फणी खाली ठेवली. एकदा आरशात बघितलं, एकदा आत्याकडे. मग आत गेली आणि दादाचा पेचकस घेऊन आली. कपाटाच्या दाराचा अख्खा आरसा होता तो, तिच्या लग्नातला. चार स्क्रू काढले, आरसा जुन्या चादरीत गुंडाळला, म्हणाली, "धरा तिकडून. फुटला तर मी बोलणार नाही, पण तुम्हाला ऐकू येईल."

दोघींनी तो आरसा धरून रस्त्यानं नेला. लोक वाट देत होते.

मग आत्या रोज आरशासमोर बसायची. डाव्या साच्यावर एक खेच घ्यायची, आरशातल्या बाईचा हात बघायची, आणि मग उजवा साचा मांडीवर घेऊन, पकड डाव्या हातात धरून, तिच्यासारखं करायची. आरशातली बाई तिची मास्तरीण! डावा हात कसला कामाचा, त्याला आजवर कधी चमचासुद्धा धरायला दिला नव्हता. बोटं सुजली. अंगठ्याला दोनदा भोकं पाडायची आरी लागली. वहिनी येता जाता म्हणायची, "मला भांग पाडायला आरसा नाही घरात. कालपासून वाकडा भांग घेऊन फिरतेय. लवकर शिका."

आठव्या दिवशी उजव्याचं टोक सरळ बसलं. एक सुरकुती नाही. आत्यानं तळ शिवला, टाचेला तीन टाके जवळजवळ घातले, डाव्या हातानं. तो पहिला जोड तिनं स्वतःच्या मापाचा केला होता, चुकला तर दुसऱ्या कुणाला चावायला नको म्हणून. दोन्ही घालून उभी राहिली ती डोकं जिन्याला आपटलं. पण पायांना काही म्हणजे काही लागलं नाही. चार वेळा रस्ता ओलांडून आली, उगीच.

आता टपालवाला. तो रोज समोरून जायचाच. तिनं त्याला हाक मारली. "तुमचा नंबर सांगा. यावेळी दोन्ही मीच करते."

"म्हणजे तो डावा तुम्ही? अहो ताई, तुमचे पाय कुठं आहेत, पाया पडतो!"

"पाया नका पडू, पायात घाला."

जोड झाला. महिना संपायला दोनच दिवस होते. टपालवाल्यानं डावा घातला, मान डोलावली. उजवा घातला. चार पावलं चालला. आत्याचा जीव टांगणीला.

तो हळूच म्हणाला, "ताई, तुम्हाला वाईट वाटेल. पण चावतो."

आत्याला वाईट वाटून घ्यायलाही वेळ मिळाला नाही बघ, तो बूट ठेवून गेला आणि तासाभरात मालक आले. वाकून आत शिरले, तरी डोकं आपटलंच. बादलीवर बसले. वाकड्या बुटांची ओळ बघितली, आरसा बघितला. हसले नाहीत.

"बाई, मी तुम्हाला न्यायला आलोय. डाव्या दालनावर तुम्हाला मुख्य करतो. पाठ टेकायची खुर्ची. हाताखाली सहा माणसं. इथं पावसापाण्यात, या जिन्याखाली तुमची हाडं मोडतील हो."

पाठ टेकायची खुर्ची! आत्याची पाठ त्या दिवशी इतकी दुखत होती की हे ऐकून नुसत्या पाठीनं हो म्हणून टाकलं असतं.

"मला तिथं जोड करता येईल?" तिनं विचारलं.

मालकांनी उसासा सोडला. "पुन्हा तेच. बाई, परवा सकाळी साडेआठ."

ते गेल्यावर आत्या समोरच्या रस्त्यावरचे पाय बघत बसली. हातात टपालवाल्याचा उजवा बूट. चांगला होता. तिला माहीत होतं तो चांगला होता. समोरच्या दालनात एक म्हातारा होता, पंचवीस वर्षं उजवे ओढणारा, तक्रारी सगळ्या त्याच्या नावावर; तिला वाटत आलं होतं की तो हातानं कच्चा. त्याचा चावतो, माझा चावत नाही. आणि आता तिचाही चावला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपालवाला दिसला तशी तिनं त्याला हाताला धरून आत बसवलं. "मोजे काढा. दुकानात तुमचा पाय कसा मोजतात?"

"पाय पुढं करा म्हणतात, करतो. मोजतात, नंबर सांगतात."

"कुठला पाय?"

त्यानं विचार केला. "डावा. नेहमी डावाच. त्यांची ती मोजायची फळी खुर्चीच्या डाव्या अंगालाच ठोकलेली आहे."

आत्यानं जमिनीवर कागद अंथरला, त्याला दोन्ही पाय ठेवायला लावले आणि पेन्सिलीनं दोन्हींच्या कडेनं रेघ मारली. पाय उचलले तशी दोघंही कागदाकडे बघत राहिली. उजवा पाय डाव्यापेक्षा नखभर लांब होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी एक हाड चांगलं सुपारीएवढं बाहेर आलेलं.

"अरेच्चा," टपालवाला म्हणाला, "हा माझाच का?"

हसून हसून आत्याचं पोट दुखलं. डाव्याच्या लोण्याचं सगळं श्रेय काही तिच्या हाताचं नव्हतं, आणि उजव्याच्या चावण्याचा दोष त्या म्हाताऱ्याचाही नव्हता. एक पाय मोजायचा आणि दोन्ही पायांचं काम उरकायचं, अशी सगळ्यांनाच सवय झाली होती. तिलाही.

त्या दिवशी ती जागची उठली नाही. उजवा साचा एका नंबरानं मोठा घेतला, सुपारीच्या जागी साच्यावर चामड्याची चकती चिकटवली, वर दुसरी, म्हणजे तेवढी जागा बुटात आपोआप सुटते. आरशाकडे तिनं एकदाही बघितलं नाही. बघायची आठवणच झाली नाही. दिवेलागणीच्या आत बूट तयार होता. टपालवाल्यानं घातला, जिना चढून वर गेला, उतरला, पुन्हा वर गेला. तिसऱ्या मजल्यावरून ओरडला, "ताई, सासू गेली!" वरच्या बिऱ्हाडातली बाई घाबरून बाहेर आली, कुणाची सासू गेली म्हणून.

एक तारीख उजाडली. आत्या स्वतःचा जोड घालून आठ वाजता घरातून निघाली, आणि दादानं बघितलं, ती कारखान्याच्या रस्त्याला लागली. त्यानं वहिनीकडे बघितलं. "गेली बघ परत. बरं झालं." पण म्हणताना त्याला बरं वाटलं नाही. वहिनीनं पदर खोचला आणि चपला घातल्या. कुठं निघालीस, विचारलं तर म्हणाली, "भांग नीट करायला."

आत्या फाटकातून आत शिरली तेव्हा मालक बोळातच उभे होते. "आलात! मला खात्री होती. स्टूल पुसून ठेवलंय."

"माझी गादी राहिलीये," आत्या म्हणाली. तिनं स्टुलावरची शालीची गादी उचलली आणि काखेत मारली. मग बोळ ओलांडला आणि समोरच्या दालनात सरळ शिरली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! सगळ्यांच्या माना वळल्या. आणि बघते तर काय, दालन हुबेहूब तिच्या दालनासारखंच. तीच खिडकी, तोच पंखा.

खिडकीजवळच्या स्टुलावर तो म्हातारा बसला होता. "काका," ती म्हणाली, "तुमचा उजवा चांगला आहे. नेहमीच चांगला होता. दुकानात डावाच पाय मोजतात, म्हणून तुमचा चावतो."

म्हातारा स्टुलावरच तिच्याकडे वळला. "अगं बाई, दर तक्रारीला बोलणी मी खाल्ली. तुझ्या डाव्याचा इतका हेवा केलाय मी, इतका हेवा केलाय." मग त्याची नजर खाली गेली. "उजवा दे इकडं."

तिनं उजव्या पायातला बूट काढून दिला आणि एका पायावर उभी राहिली. म्हाताऱ्यानं टोक दाबलं, तळ वाकवला, टाचेवरून अंगठा फिरवला. तीन टाक्यांवर थांबला. "हा टाका डावऱ्या हाताचा आहे. कुणी केला?"

"मीच."

"आणि डावा?"

"तोही मीच."

म्हाताऱ्यानं बूट खाली वाकून स्वतः तिच्या पायात घातला. दारात मालक उभे होते. तेही त्या जोडाकडेच बघत होते, एकदा डाव्याकडे, एकदा उजव्याकडे, आणि त्यांना काय वाटलं ते त्यांनाच माहीत. तेवढ्यात भोंगा वाजला. दणदणीत, नेहमीसारखा.

"बाई, भोंगा झाला," मालक म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"हो, ऐकला," आत्या म्हणाली. "पाय कुठं चावत असेल तर तुम्हीही या. जिन्याखाली आहे मी. डोकं सांभाळून या मात्र."

आणि गादी काखेत घेऊन निघाली. पावलांचा आवाज येत होता, दोन्ही पायांचा सारखा.

जिन्याखाली पोचली तर वहिनी आधीच तिथं, बादलीवर बसलेली, आरशासमोर भांग पाडत. आत्याला काखेतल्या गादीसकट आलेलं बघितलं तिनं आरशातच. मागं वळलीसुद्धा नाही. फणी केसात खोचली, चपला बाजूला सारल्या आणि पाय पुढं केले.

"आरसा काय फुकट दिलाय? घ्या माप," वहिनी म्हणाली. "आणि वन्सं, दोन्ही मोजा. एकावर भागवू नका."